चांदीचे जुने अमेरिकन डॉलर: पहिलं नाणं घेण्याआधी एवढं वाचा

चांदीचा भाव चढला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींत एक प्रश्न फिरायला लागतो: ते जुने, मोठे, चांदीचे डॉलर मिळतात, ते घेऊन ठेवावेत का? ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदीने औंसाला ५० डॉलरचा जुना उच्चांक ओलांडला, तेव्हापासून तर ओळखीच्या आणि अनोळखी अनेकांनी मला हेच विचारलं. मी ही नाणी बरीच वर्षं जमवतो आहे. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळं एका जागी, क्रमाने लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. या नाण्याला दोन किमती असतात. एक त्यातल्या चांदीची. दुसरी, ते विशिष्ट नाणं मिळावं म्हणून संग्राहक मोजायला तयार असतो ती. सराफाकडे बांगडी मोडायला नेली की तो घडणावळ धरत नाही, फक्त मोड धरतो. इथे मात्र एका नाण्याची 'घडणावळ' मोडीच्या कित्येक पट असते आणि शेजारच्या, हुबेहूब तशाच दिसणाऱ्या नाण्याची जवळजवळ शून्य. आपण यातली कुठली किंमत मोजतो आहोत हे ज्याला कळत नाही, त्याला ते विकायला गेल्यावर कळतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. कुठला डॉलर, ते आधी ठरवा

अमेरिकेने चांदीचा डॉलर पहिल्यांदा पाडला १७९४ साली, फक्त १,७५८ नाणी. त्यातलं एक जानेवारी २०१३ च्या लिलावात १ कोटी डॉलरच्या वर गेलं. ती नाणी आणि १८४० ते १८७३ मधले बसलेल्या स्वातंत्र्यदेवीचे डॉलर संग्रहालयात बघा. सुरुवात त्यांच्यापासून करायची नसते. १८७३ पासून चीनच्या व्यापारासाठी पाडलेला 'ट्रेड डॉलर' दिसायला फार देखणा आहे, पण त्याच्या नकला इतक्या आहेत की तपासणाऱ्या कंपनीने सीलबंद केलेल्या प्रमाणित डबीत नसेल तर हात लावू नका.

नवख्या माणसासाठी दोनच प्रकार आहेत. पहिला मॉर्गन डॉलर: १८७८ ते १९०४ आणि पुन्हा एकदा १९२१. जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या कारागिराने तो घडवला. छाप्यावरच्या स्वातंत्र्यदेवीच्या चेहऱ्यासाठी फिलाडेल्फियातली ॲना विलेस विल्यम्स ही तरुणी बसली होती. पुढे ती शिक्षिका म्हणून ओळखली गेली. दुसरा पीस डॉलर: १९२१ ते १९२८, मग १९३४ आणि १९३५. पहिल्या महायुद्धानंतरच्या शांततेची आठवण म्हणून काढलेला. शिल्पकार अँथनी डी फ्रँचिशी, आणि चेहरा त्याची पत्नी तेरेसा हिच्यावरून घेतलेला.

दोन्हींची मापं एकच. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, ९० टक्के चांदी, १० टक्के तांबं. हे आकडे पाठ करा, पुढे सतत लागतील.

'सिल्व्हर डॉलर' या नावाखाली भलतंच गळ्यात मारलं जातं ते इथेच सांगतो. १९७१ ते १९७८ चे आयझेनहॉवर डॉलर आकाराने तेवढेच मोठे, पण बहुतेक सगळे तांबं-निकेलचे. सॅन फ्रान्सिस्कोत संग्राहकांसाठी पाडलेल्या काही नाण्यांतच ४० टक्के चांदी आहे. १९८६ पासूनचा 'सिल्व्हर ईगल' हा एक औंस शुद्ध चांदीचा, पण आधुनिक. आणि २०२१ पासून अमेरिकी टांकसाळीने मॉर्गन-पीसच्या जुन्या नक्षीची नवी नाणी काढली आहेत. ती ९९.९ टक्के चांदीची आणि छान आहेत, पण जुनी नाहीत.

२. मोडीचा भाव तोंडपाठ करा

एका मॉर्गन किंवा पीस डॉलरमध्ये ०.७७३४ ट्रॉय औंस (चांदीचा भाव सांगतात तो औंस हाच), म्हणजे साधारण २४ ग्रॅम शुद्ध चांदी असते. त्या दिवशीचा औंसाचा भाव गुणिले ०.७७३४, झाली मोड. चांदी ३० डॉलरला असेल तर २३.२० डॉलर. ६० डॉलरला असेल तर ४६.४०.

दुकानात शिरण्याआधी फोनवर हा गुणाकार करून ठेवा. काचेखालच्या सगळ्यात स्वस्त, झिजलेल्या नाण्याची किंमत मोडीपेक्षा थोडी वर असणारच, कारण विक्रेत्यालाही पोट आहे. पण तो फरक किती आहे हे तुम्हाला आकड्यात माहीत हवं. निव्वळ चांदी साठवायची असेल तर मी सरळ सांगतो: मॉर्गन घेऊ नका. चांदीच्या लगडी किंवा आधुनिक नाणी तेवढ्याच पैशात सहसा जास्त चांदी देतात. मॉर्गन घ्यायचा तो मॉर्गन हवा म्हणून.

३. किती पाडली ते विसरा, किती उरली ते बघा

नवखा माणूस पहिल्यांदा तक्ता उघडतो आणि 'किती पाडली' हा रकाना वाचतो. कमी पाडलेलं ते दुर्मीळ, असं त्याला वाटतं. चांदीच्या डॉलरच्या बाबतीत हा रकाना फसवा आहे. याचं कारण थेट आपल्या देशाशी जोडलेलं असल्यामुळे इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

नेवाडातल्या खाणींतून निघणाऱ्या चांदीला गिऱ्हाईक मिळावं म्हणून १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने सरकारवर दरमहा २० ते ४० लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची सक्ती आली. त्या चांदीची नाणी पाडायची, एवढंच ठरलं होतं. ती लोकांना हवी आहेत का, हे कोणी विचारलं नाही. लोक नोटा वापरत राहिले आणि हजार-हजार नाण्यांच्या कापडी थैल्या सरकारी तिजोऱ्यांत साठत गेल्या.

मग पहिलं महायुद्ध आलं. ब्रिटिश सरकार भारतातून प्रचंड माल उचलत होतं आणि त्याचे पैसे भारतात रुपयांत चुकते करत होतं. आपल्या लोकांचा कागदी नोटेवर भरवसा नव्हता; नोट हाती आली की ती देऊन चांदीचा रुपया मागायचे. १९१७ च्या शेवटी एक रुपयाची नोट काढावी लागली, लगेच अडीच रुपयांचीही निघाली, इतकी चांदीची चणचण होती. नोटेच्या बदल्यात रुपया देता येत नाही अशी वेळ आली असती तर सरकारची पतच गेली असती. ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली.

२३ एप्रिल १९१८ ला पिटमन कायदा झाला आणि अमेरिकेने तिजोरीतले २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. त्यातल्या सुमारे २५ कोटी ९१ लाख डॉलरची चांदी भारतासाठी होती. ती भारतात आली आणि मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे पंचम जॉर्जचे रुपये झाले. तुमच्या घरी देव्हाऱ्यात किंवा आजीच्या डब्यात १९१८-१९-२० चा रुपया असेल तर त्यात एखादा मॉर्गन डॉलर विरघळलेला असण्याची चांगली शक्यता आहे. मला या छंदात बांधून ठेवणारी गोष्ट कुठली असेल तर ही.

आता भावाशी याचा संबंध बघा. वितळवताना कुठल्या सालाची, कुठल्या टांकसाळीची किती नाणी गेली याची नोंद कोणी ठेवली नाही. त्यामुळे छापील संख्या आणि उरलेली संख्या यांचा मेळ बसत नाही. शिवाय कायद्याने वितळवलेल्या डॉलरची भरपाई करायची होती, म्हणून १९२१ मध्ये ८ कोटी ६७ लाख नवे मॉर्गन पाडले. १९२१ चा मॉर्गन म्हणूनच सगळ्यात स्वस्त आहे. जुने ठसे तोवर नष्ट झाले होते, नवे ठसे उथळ आले. शेजारी १८८१ चं नाणं ठेवलंत तर उठावातला फरक डोळ्यांना दिसेल.

उरलेल्या थैल्यांचं पुढे काय झालं तेही महत्त्वाचं. १९६० च्या सुमारास चांदी महागली तसे लोक नोटा देऊन तिजोरीतून डॉलर उचलायला लागले. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचा १९०३ चा डॉलर तोवर मालिकेतल्या सगळ्यात दुर्मीळ नाण्यांपैकी मानला जायचा आणि न वापरलेल्या अवस्थेत त्याची किंमत दीड हजार डॉलरपर्यंत छापली जायची. १९६२ च्या अखेरीस त्याच्या थैल्याच्या थैल्या बाहेर आल्या आणि भाव धाडकन दोन आकडी झाला. मार्च १९६४ मध्ये सरकारने डॉलर देणं बंद केलं, तेव्हा तिजोरीत मुख्यतः नेवाडातल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीची नाणी उरली होती. ती १९७२ ते १९८० दरम्यान सरकारनेच पोस्टाने विकली, काळ्या चौकटीच्या प्लास्टिक डब्यांत. त्या मूळ डब्यांतल्या नाण्यांना आजही वेगळी मागणी आहे.

एकच जोडी लक्षात ठेवा. कार्सन सिटीचा १८८५ चा डॉलर: पाडले २,२८,०००. कार्सन सिटीचा १८८९ चा: पाडले ३,५०,०००. तक्ता म्हणतो १८८५ चा दुर्मीळ. प्रत्यक्षात सरकारी विक्रीत १८८५ ची सुमारे १ लाख ४८ हजार कोरी नाणी निघाली आणि १८८९ चं फक्त एक. म्हणून न वापरलेल्या अवस्थेत १८८९ चं नाणं १८८५ च्या कित्येक पट महाग आहे.

४. भाव कशाने हलतो ते ओळखा

मोडीचा भाग चांदीबरोबर वरखाली होतो, त्यात गूढ काही नाही. जानेवारी १९८० मध्ये चांदी ५० डॉलरच्या जवळ गेली, तेव्हा घराघरांतले डॉलर भट्टीत गेले. २०११ मध्ये ती पुन्हा तिथवर जाऊन घसरली. अशा प्रत्येक लाटेत झिजलेली, सामान्य सालांची नाणी चांदीमागे धावतात, आणि एक गोष्ट हमखास घडते: झिजलेलं नाणं आणि साधारण बरं, न वापरलेलं नाणं यांच्या किमतींतलं अंतर कमी होतं. माझ्या मते चांगलं नाणं घ्यायची संधी तीच. मोड महाग झाल्यावर थोडे अधिक पैसे घातले की पुष्कळ चांगलं नाणं पदरात पडतं.

संग्राहकांचा भाग वेगळ्या तालावर चालतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नाण्यांची प्रत ठरवून सीलबंद करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि शेअर बाजारातला पैसा नाण्यांत शिरला. १९८९ मध्ये चांगल्या प्रतीच्या पण सर्रास मिळणाऱ्या मॉर्गनचे भाव शिखरावर होते. लगेच पुढे ते असे कोसळले की पुढची कित्येक वर्षं ती पातळी दिसली नाही. २०२०-२१ मध्ये, लोक घरी बसलेले आणि टांकसाळीची नवी नाणी यायच्या बातम्या, पुन्हा ओढा वाढला. मग तो ओसरला. या सगळ्यात खऱ्या दुर्मीळ नाण्यांनी स्वतःची चाल सोडली नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा १८९३ चा मॉर्गन, पाडलेला फक्त १ लाख, त्याचा सर्वोत्तम नमुना ऑगस्ट २०२१ मध्ये २० लाख डॉलरच्या वर विकला गेला.

तेव्हा कोणी 'मॉर्गनचे भाव वाढतायत' म्हणालं तर विचारा: कुठल्या सालाचे, कुठल्या टांकसाळीचे, कुठल्या प्रतीचे? याचं उत्तर नसेल तर ते वाक्य तुमच्या कामाचं नाही.

५. टांकसाळीचं अक्षर आणि प्रत वाचायला शिका

मॉर्गनच्या काट्याच्या बाजूला, गरुडाखालच्या पानांच्या माळेच्या गाठीखाली बारीक अक्षर असतं. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. 'ओ' म्हणजे न्यू ऑर्लिन्स, 'एस' सॅन फ्रान्सिस्को, जोड 'सी' म्हणजे कार्सन सिटी, आणि 'डी' म्हणजे डेन्व्हर, जे मॉर्गनमध्ये फक्त १९२१ ला आहे. पीस डॉलरवर ते गरुडाच्याच बाजूला, डावीकडे खाली, पंखाच्या टोकाजवळ शोधा.

प्रत १ ते ७० अशा मोजपट्टीवर ठरते. ६० पासून पुढची नाणी न वापरलेली, त्यांना 'एमएस' म्हणतात. इथे नवख्यांची मोठी गफलत होते: न वापरलेलं म्हणजे निष्कलंक नव्हे. हजार नाणी एका थैलीत आपटत राहिली, त्यामुळे देवीच्या गालावर, त्या मोठ्या गुळगुळीत जागेवर, वळ आणि ओरखडे उठलेले असतात. गाल स्वच्छ तितकी प्रत वर.

एका पायरीने किंमत किती बदलते? सॅन फ्रान्सिस्कोचा १८८४ चा मॉर्गन घ्या. ३२ लाख पाडले, बरेच चलनात गेले. झिजलेला असेल तर सामान्य मॉर्गनपेक्षा थोडाच महाग. पण न वापरलेला असेल तर किंमत हजारो डॉलर. म्हणजे कोणाला तरी त्यावरची थोडीशी झीज 'झाकायचा' मोह होणार, आणि होतोच. अशी नाणी सीलबंद डबीतच घ्या.

ही डबी, जिला सगळे 'स्लॅब' म्हणतात, मुख्यतः दोन कंपन्यांची घ्या: १९८६ ची पीसीजीएस आणि १९८७ ची एनजीसी. त्यांच्या स्लॅबवरचा क्रमांक त्यांच्याच संकेतस्थळावर टाकून बघता येतो. इतर अनेक कंपन्या स्वतःच्या लेबलवर वाटेल ती प्रत छापतात. ते कागद मोजू नका, नाणं बघा. आणि स्वतःचं स्वस्त नाणं स्लॅब करायला पाठवू नका. फी, टपाल, विमा मिळून नाण्याच्या किमतीइतका खर्च सहज होतो.

पहिलं नाणं कुठलं? माझं उत्तर ठरलेलं आहे: सॅन फ्रान्सिस्कोचा १८८१ चा मॉर्गन, एमएस-६३ किंवा ६४, स्लॅबमधला. १ कोटी २७ लाख पाडले, भरपूर उरले, आणि त्या टांकसाळीचं काम इतकं रेखीव होतं की गरुडाच्या छातीवरची पिसं मोजता येतात. हे एक नाणं महिनाभर बघितलंत की न्यू ऑर्लिन्सच्या नाण्यांवरची पिसं अनेकदा पुसट का वाटतात ते आपोआप दिसायला लागेल.

६. या वस्तू जवळ ठेवा

- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल वजनकाटा
- व्हर्नियर कॅलिपर
- ५ ते १० पट मोठं दाखवणारं भिंग
- ताकदीचं छोटं चुंबक
- एक टेबललॅम्प आणि त्याखाली मऊ कापड, नाणं निसटलं तर आदळू नये म्हणून
- 'पीव्हीसी-मुक्त' लिहिलेल्या पारदर्शक डब्या
- वही: घेतल्याची तारीख, विक्रेता, दिलेली किंमत, त्या दिवशीची मोड, स्लॅबचा क्रमांक. पावती आणि दोन्ही बाजूंचे फोटो सोबत.

वही कंटाळवाणी वाटते खरी. पण कर भरताना, विमा घेताना आणि पुढे घरच्यांना ही नाणी विकायची वेळ आली तर तीच लागते.

७. खोटं नाणं ओळखा

खोट्या नाण्यांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग पूर्ण बनावट, बहुतेक परदेशात तयार झालेली. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याप्रमाणे प्रतिकृतीवर 'कॉपी' असा ठसा असायला हवा, पण विकणारा तो पाळत नाही. भारतातल्या जुन्या बाजारांत फडक्यावर मांडलेले 'अमेरिकन चांदीचे डॉलर' दिसतात, त्यातलेही बरेच पांढऱ्या धातूचे असतात. यांच्यासाठी घरच्या तपासण्या पुरतात.

वजन करा. २६.७३ च्या आसपास हवं. खूप झिजलेलं असेल तर थोडं कमी. २४ किंवा २२ भरलं तर परत द्या.

चुंबक लावा. चिकटलं तर खोटं. न चिकटलं म्हणून खरं मात्र ठरत नाही, कारण तांबं-पितळही चिकटत नाही.

पाण्यातली परीक्षा सगळ्यात भरवशाची. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं अधांतरी धरा. तळाला, कडेला टेकू देऊ नका. काटा सुमारे २.५९ ग्रॅम दाखवेल. नाण्याचं वजन भागिले हा आकडा, उत्तर १०.३ च्या जवळ हवं. नंतर नाणं मऊ कापडावर ठेवून टिपा. पुसू नका.

साल आणि अक्षर जुळतात का बघा. कार्सन सिटीचे मॉर्गन १८७८ ते १८८५ आणि १८८९ ते १८९३ एवढेच. त्या टांकसाळीचा १८८७ चा कोणी दाखवला तर वजनसुद्धा करायची गरज नाही.

दुसरा वर्ग अवघड. नाणं खरं, चांदी खरी, वजन बरोबर; फक्त अक्षर चिकटवलेलं किंवा खरवडलेलं. फिलाडेल्फियाच्या १८९३ च्या नाण्यावर 'एस' चिकटवला की लाखमोलाचं नाणं तयार. खऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या १८९३ मध्ये देवीच्या मुकुटपट्टीवरच्या 'लिबर्टी' शब्दातल्या 'टी'च्या माथ्यावर एक बारीक उठावाची तिरपी रेघ असते, भिंगातून दिसते. ती नसेल तर शंका घ्या. फिलाडेल्फियाचा १९२८ चा पीस डॉलर दुर्मीळ, म्हणून त्याच सालच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यावरचा 'एस' खरवडला जातो. अक्षर असतं त्या जागेची पृष्ठभूमी आजूबाजूपेक्षा वेगळी, घासल्यासारखी दिसते का ते लॅम्पखाली तिरपं धरून बघा.

स्लॅबही खोटे निघतात. क्रमांक तपासताना नुसता क्रमांक सापडला यावर थांबू नका. तिथे फोटो असेल तर तो ओरखड्या-ओरखड्याने आपल्या नाण्याशी ताडून बघा.

८. खरेदी कुठे करायची

गावातल्या नाण्यांच्या दुकानापासून सुरुवात करा. चार-सहा वेळा नुसतं बघायला जा. चांगला विक्रेता हातात नाणं देऊन शिकवतो. त्यानंतर नाण्यांचं प्रदर्शन. दर जानेवारीला फ्लोरिडात एक मोठं प्रदर्शन भरतं आणि ऑगस्टमध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशन या नाणेसंग्राहकांच्या संघटनेचं, पण तुमच्या जवळच्या शहरातलं हॉलमधलं छोटं प्रदर्शनही पुरे. एकाच सालाची दहा नाणी दहा टेबलांवर बघितली की डोळा तयार होतो.

ऑनलाइन घेताना मागितलेली किंमत बघू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी उघडा. मोठ्या लिलावगृहांचे जुने निकालही उघडे असतात. मात्र तिथे बोलीवर खरेदीदाराचं कमिशन चढतं, ते धरूनच बोली लावा. टीव्हीवर किंवा जाहिरातीत 'मर्यादित साठा, सरकारी तिजोरीतला' असं सांगून विकल्या जाणाऱ्या १९२१ च्या मॉर्गनपासून दूर राहा. ८ कोटी ६७ लाखांचा साठा मर्यादित नसतो.

भारतातल्या वाचकांना एक वेगळा इशारा. 'तुमच्याकडचं जुनं नाणं लाखोंना विकत घेतो, आधी नोंदणी फी भरा' असे निरोप येतात, कधी रिझर्व्ह बँकेचं नाव लावून. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः जाहीर केलं आहे की ती अशा व्यवहारात नाही आणि कोणाकडून फी घेत नाही. तुम्ही भारतातच राहत असाल तर माझं प्रामाणिक मत असं: डॉलरऐवजी राणीछाप आणि पंचम जॉर्जचे रुपये जमवा. बघायला, तपासायला माणसं जवळ मिळतील. पंचम जॉर्जच्या रुपयावर मुंबई टांकसाळीची खूण म्हणजे मूल्य लिहिलेल्या बाजूला खालच्या कमळाखाली एक बारीक उठावाचा ठिपका. कलकत्त्याच्या नाण्यावर तो नसतो.

९. घासू नका

हे मी हात जोडून सांगतो. आपल्या घरांत चांदी दिसली की रांगोळी, टूथपावडर, चिंच, लिंबू यांतलं काहीतरी हातात येतं. भांड्यांना ते ठीक. नाण्यावर एकदा घासलं की मूळ झळाळी, जी ठशाखाली धातू पसरताना उमटलेल्या बारीक रेषांमुळे येते, ती कायमची जाते. स्लॅब कंपन्या अशा नाण्याला आकड्याची प्रत देत नाहीत, लेबलवर 'क्लीन्ड' लिहितात, आणि दुर्मीळ नाण्याचीही किंमत खूप खाली येते. काळपटपणा, निळी-जांभळी-सोनेरी छटा हा दोष नाही. नैसर्गिक रंगाच्या नाण्याला संग्राहक जास्त पैसे देतात.

लक्ष्मीपूजनाला चांदीचं नाणं ठेवायचं असेल तर एक झिजलेला १९२१ चा डॉलर त्यासाठीच वेगळा घ्या. दूध, पंचामृत, हळदकुंकू सगळं त्याला चालेल. स्लॅबमधलं नाणं डबीसकट ठेवा.

नाणं नेहमी कडेने धरा. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटातून हिरवट चिकट थर चढतो, तो नाणं खातो. रबरबँडमधला गंधक चांदी काळी करतो. बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंना अमेरिकेत खात्यातल्या ठेवीसारखं सरकारी विमा संरक्षण नसतं, आणि घराच्या विम्यात नाण्यांची मर्यादा बहुतेक वेळा फार कमी असते. संग्रह वाढला की विमा कंपनीला लेखी विचारून वेगळं कलम जोडून घ्या.

१०. विकताना, आणि भारतात नेताना

विकायला निघालात की आधी नाण्यांचे दोन ढीग करा: मोडीच्या भावाची आणि संग्राहक किमतीची. दोन्ही एकत्र ओतून 'सगळ्याचे किती?' असं विचारलं की उत्तर मोडीच्या हिशेबानेच येतं. पहिल्या ढिगासाठी तीन दुकानांत त्याच दिवशी भाव विचारा. दुसऱ्यातल्या महागड्या नाण्यांसाठी लिलावगृह बरं पडतं.

अमेरिकेत कर भरत असाल तर नाणी 'संग्राह्य वस्तू' धरली जातात. वर्षाहून जास्त ठेवून विकली तर नफ्यावर केंद्राचा कर २८ टक्क्यांपर्यंत लागू शकतो. शेअरसारखी २० टक्क्यांची कमाल मर्यादा इथे नाही. खरेदीची पावती नसेल तर मूळ किंमत सिद्ध करणं तुमच्यावर येतं.

भारतात जाताना पाच-दहा डॉलर भेट द्यायला बॅगेत टाकायचा विचार असेल तर थांबा. दागिन्यांखेरीज इतर कुठल्याही रूपातली चांदी सामानाच्या शुल्कमुक्त सवलतीत बसत नाही. रेड चॅनलला जाऊन पावतीसकट जाहीर करा आणि शुल्क भरा. उलट दिशेचा नियम तर आणखी कडक आहे: शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि १९७२ च्या कायद्यानुसार ते खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही. आजीच्या डब्यातला १९१९ चा रुपया अमेरिकेत आणून मॉर्गनशेजारी ठेवायची इच्छा मलाही आहे, पण तो तिथेच राहू द्या. त्याचा दोन्ही बाजूंचा फोटो घ्या आणि वहीत मॉर्गनच्या पानावर चिकटवा.